इब्रीक : अरबी झारीचं नाव, अर्थ आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इब्रीक म्हणजे नेमकं कुठलं भांडं?

पोट, मान, एका अंगाला मूठ, दुसऱ्या अंगाला तोटी, आणि त्यातून ओतायचं ते पाणी. एवढं जुळलं की अरबीत त्या भांड्याला इब्रीक म्हणतात. अनेकवचन अबारीक. मराठीत सर्वांत जवळचा शब्द झारी, आणि हे साम्य वरवरचं नाही. आपली झारी पूजेच्या पाण्याचीही असते आणि बागेला पाणी घालायचीही. अरबांचा इब्रीकही तसाच पसरट शब्द आहे. हात धुवायचा इब्रीक, प्यायच्या पाण्याचा मातीचा इब्रीक, तेलाचा इब्रीक, आणि ‘इब्रीक शाय’ म्हणजे चहाची किटली. आखातातल्या घरांत न्हाणीघरात नळाशेजारी ठेवलेलं प्लास्टिकचं तोटीचं भांडंही इब्रीकच. दुबई-मस्कतला राहिलेल्या मराठी माणसांनी हा शब्द बहुधा पहिल्यांदा तिथेच ऐकलेला असतो.

उच्चार कसा करायचा?

पुस्तकी अरबीत ‘इब्‌रीक’. री दीर्घ, आणि शेवटचा क आपला नेहमीचा नाही. जिभेचं मूळ पडजिभेला टेकवून तो काढतात. बोलीत मात्र हा क फार टिकत नाही. कैरोत ‘अब्री’ म्हणून आवाज घशात चट्‌दिशी तुटतो. सीरिया-लेबनॉनच्या शहरांत सुरुवातीचा स्वरही गळतो आणि ‘ब्री’ एवढंच कानावर येतं. इराकमध्ये आणि आखातात ‘ब्रीग’, तर आखातातच काही ठिकाणी ‘ब्रीज’. ही सगळी एकाच शब्दाची रूपं आहेत.

शब्द मुळात अरबी आहे का?

नाही, फारसी आहे. ही गोष्ट जुन्या अरब पंडितांनाही पक्की ठाऊक होती. बगदादचे अल-जवालीकी (मृत्यू ११४४) यांनी अरबीत आलेल्या परक्या शब्दांचा कोश केला, त्यात इब्रीक फारसी म्हणून नोंदला आहे आणि अर्थाचे दोन पर्याय दिले आहेत : ‘पाण्याची वाट’ किंवा ‘पाणी सावकाश ओतणं’. पंधराव्या शतकातल्या सुयूतींनी तीच नोंद पुढे चालवली. आजचे अभ्यासक दुसऱ्या अर्थाच्या बाजूचे आहेत. आब म्हणजे पाणी, आणि रेख्तन म्हणजे ओतणं. आजच्या फारसीतही ‘आबरीज़’ हा शब्द आहेच.

कुराणात अबारीक हा शब्द एकदाच येतो, ५६ व्या सूरेच्या (अध्यायाच्या) १८ व्या आयतीत. त्यामुळे कुराणातल्या परक्या शब्दांच्या चर्चेत इब्रीक हमखास असतो. या विषयावरचा आर्थर जेफ्री यांचा इंग्रजी ग्रंथ १९३८ साली छापला गेला तो कैरोला किंवा लंडनला नव्हे, तर बडोद्याला, गायकवाड सरकारच्या प्राच्य ग्रंथमालेत. सयाजीरावांच्या संस्थानाने अरबी शब्दांच्या अभ्यासालाही हातभार लावला होता, हे मराठी वाचकांना सहसा माहीत नसतं.

फारसी ‘आबरीज़’च्या शेवटी ज़ आहे, मग इब्रीकमध्ये क कुठून आला?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्या संस्कृतात सापडतं. फारसी रेख्तन आणि संस्कृत रिच् हा धातू एकाच घराण्यातले. संस्कृतात ‘रेचक’ म्हणताना च येतो आणि ‘रिक्त’ म्हणताना क. इराणी भाषांतही ओतण्याच्या धातूचं असंच होतं : एका रूपात ज़, दुसऱ्यात क-ख. अरबांनी शब्द उचलला तो इस्लामपूर्व काळातल्या मध्य फारसीतून, आणि तेव्हाच्या रूपाच्या अंती क किंवा ग असावा असं मानतात. मध्य फारसीतल्या अशा अंत्य ग-चा अरबीत क होणं ही नेहमीची गोष्ट आहे. ‘कंदग’, म्हणजे खणलेला चर, अरबीत ‘ख़ंदक’ झाला, आणि तोच पुढे आपल्या किल्ल्यांभोवतीचा खंदक.

उरलेले बदल अरबी साच्याने केले. अरबीत ए हा स्वर नाही, म्हणून रे-चा री. आणि इक्लील (मुकुट), इक्लीम (प्रदेश) या शब्दांसारखी चाल हवी, म्हणून सुरुवातीच्या आ-चा इ. परका शब्द गावात राहायला आला की गावचे कपडे घालतो, तसं.

मराठीत या शब्दाचे कोणी नातेवाईक आहेत का?

आहेत, आणि बरेच जवळचे. ‘आब’ हा पहिला अर्धा भाग तर मराठीत ठायी ठायी आहे : आबदारखाना, आबकारी, मोत्याचं आबदार पाणी, पंजाब. अब्रूसुद्धा त्यातलीच, कारण मूळ फारसी ‘आब-रू’ म्हणजे चेहऱ्याचं पाणी. गुल आणि आब मिळून गुलाब, म्हणजे खरं तर गुलाबपाणी. ते अरबीत ‘जुलाब’ झालं, गोड औषधी पाकाचं नाव बनलं आणि फिरत फिरत आपल्याकडे पोट साफ करणारं औषध होऊन बसलं.

दुसऱ्या अर्ध्या भागाचं नातं संस्कृतामार्फत लागतं : रिक्त, रिता, रेचक. म्हणजे इब्रीक या शब्दाचा एक तुकडा जुलाबात आणि दुसरा रेचकात! वैद्यांनी यावर हसू नये.

‘बर्क’ म्हणजे वीज, चकाकणारं भांडं म्हणून इब्रीक, असंही वाचलं. ते खरं का?

नाही, पण ही चूक कुठून येते ते बघण्यासारखं आहे. जुने अरबी कोश शब्द धातूच्या अक्षरांखाली लावतात. इब्रीक त्यांनी ब-र-क या अक्षरांखाली टाकला, आणि त्याच अक्षरांतून वीज, चकाकी हे अर्थ निघतात. शिवाय ‘लखलखती तलवार’ या अर्थाचा इब्रीक असा एक वेगळा शब्द जुन्या अरबीत खरोखरच आहे, आणि त्याचं नातं चकाकीशी आहे. एकाच जागी दोन सारखे शब्द सापडले की कोणीतरी त्यांची सोयरीक जुळवतोच. भांड्याचा इब्रीक मातीचाही असतो आणि माती काही चमकत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कूब, कूज़, कास, इब्रीक यांत फरक काय?

अरबी भाषाशास्त्रज्ञांना असल्या भेदांची फार हौस. निशापूरचे सआलिबी (मृत्यू १०३८) यांनी तर अशा शब्दांवर पुस्तकच लिहिलं. त्यांचा आणि कुराणाच्या भाष्यकारांचा हिशोब असा. कूबला ना कान (म्हणजे मूठ) ना तोटी. कूज़ला कान हवाच, नसेल तर तो कूब. कास तेव्हाच म्हणायचं जेव्हा प्याल्यात पेय आहे. रिकाम्याला कदह म्हणायचं. आणि इब्रीकला कान हवा आणि ‘खुर्तूम’ही हवा.

खुर्तूम म्हणजे हत्तीची सोंड. तोटीला दुसरं इतकं नेमकं नाव सुचणं कठीण. (सुदानची राजधानी खार्टूम हिचं नावही याच शब्दावरून पडल्याचं सांगतात. दोन नाईल नद्यांमधली तिथली जमीन सोंडेसारखी आहे.) तोटीला आणखी एक जुना शब्द आहे, बुलबुल. पाणी बुळबुळ करत बाहेर येतं त्या आवाजाचा तो शब्द, आपल्या ‘बुडबुडा’सारखा.

यातला कूज़ मराठी घरांत शिरलेला आहे. फारसी ‘कूज़ा’वरून आलेला कुजा किंवा खुजा, म्हणजे निमुळत्या गळ्याचं पाण्याचं भांडं, जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून सापडतो.

जुन्या काही इब्रीकांना तोटीच दिसत नाही. मग व्याख्या चुकली का?

व्याख्या नंतरची आहे, भांडं आधीचं. इराणच्या इस्लामपूर्व सासानी राजघराण्याच्या काळातल्या चांदीच्या झाऱ्या पाहिल्या तर उंच बैठक, अंड्यासारखं पोट, लांब मान आणि वर चोचीसारखं ओठाळं तोंड असतं. वेगळी नळी नसते. इस्लामपूर्व काळातला अरब कवी अल्कमा मद्याच्या इब्रीकला उंचवट्यावर उभ्या हरणाची उपमा देतो, तोंडाला लिननच्या कापडाची पट्टी बांधलेलं हरीण. मान उंच करून उभं हरीण आणि मद्य गाळायला बांधलेलं फडकं. उपमा बारकाईने वाचली तर डोळ्यांसमोर चोचीची सासानी झारीच येते.

नळीची तोटी पुढे रूढ झाली. कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात काशाची एक प्रसिद्ध झारी आहे, उंची ४१ सेंटीमीटर. तिच्या तोटीच्या टोकाला पंख पसरलेला कोंबडा आहे आणि पाणी त्याच्या चोचीतून पडतं. ती फय्यूमजवळ अबूसीर अल-मलक इथे सापडली. शेवटचा उमय्या खलिफा दुसरा मरवान इ. स. ७५० मध्ये त्याच भागात मारला गेला, म्हणून तिला ‘मरवानचा इब्रीक’ म्हणतात. सापडलेल्या जागेवरून नाव पडलं, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

त्यानंतरच्या काळातली पाहायची तर ब्रिटिश म्युझियममधली ब्लाकास झारी पाहा. १२३२ साली इराकमधल्या मोसूलमध्ये शुजा इब्न मना या कारागिराने पितळेवर चांदी आणि तांब्याची जडणावळ करून ती घडवली, आणि आपलं नाव, गाव, साल तिच्यावरच कोरून ठेवलं. त्यामुळे तिच्याबद्दल वाद घालायला जागा उरली नाही.

‘तिश्त आणि इब्रीक’ अशी जोडी का म्हणतात?

कारण ही भांडी जोडीनेच पाहुण्यापुढे येत. तिश्त म्हणजे हात धुवायचं पसरट भांडं. हाही फारसीतून अरबीत गेलेला शब्द, आणि आपलं ‘तस्त’ तेच. एकोणिसाव्या शतकातल्या कैरोतल्या घरांतली पद्धत इंग्रज अभ्यासक एडवर्ड लेन यांनी १८३६ च्या आपल्या पुस्तकात तपशिलाने लिहिली आहे. तिश्तावर भोकाभोकांचं झाकण असे, मधोमध साबण ठेवायला उंच वाटी. नोकर एका हाताने इब्रीक कलता करून धार धरी, पाहुणा हात चोळी, आणि मळकं पाणी भोकांतून खाली नाहीसं होई. दुसऱ्याने वापरलेलं पाणी कोणाला दिसू नये, ही त्यातली खरी खुबी.

वाहतं पाणी का, परातीत हात बुडवून का नाही, असंही विचारतात. नमाजापूर्वी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, म्हणजे वुजूसाठी, धार सोयीची. पाणी थोडं लागतं आणि वापरलेलं पाणी स्वच्छ पाण्यात मिसळत नाही. वुजूसाठी एक मुद्द पाणी पुरल्याचं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या संग्रहांत, येतं. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं माप, आजच्या हिशोबाने पाऊण लिटरच्या आतच. म्हणून हातधुण्याचा इब्रीक साधारण एक ते दीड लिटरचा बरा. त्याहून मोठा भरला की तांब्याच्या वजनासकट एका हाताने कलता धरताना मनगट थरथरतं आणि धार पाहुण्याच्या बाहीत जाते.

भारतातल्या मुसलमान घरांत याच कामाच्या तोटीच्या लोट्याला बधना म्हणतात. भांडं तेच, नाव वेगळं.

पाणी नीट ओतलं जात नाही. दोष कुठे शोधायचा?

तोटीत. दहापैकी नऊ तक्रारी तिथेच मिटतात.

भांडं भरायच्या आतच तोटीतून पाणी वाहायला लागलं, तर तोटीचं टोक भांड्याच्या काठापेक्षा खाली आहे. पोटातलं आणि तोटीतलं पाणी एकाच पातळीत चढतं, त्यामुळे तोटीच्या टोकाच्या वर पाणी मावणारच नाही. विकत घेताना भांडं सपाट जागी ठेवा आणि डोळे काठाच्या रेषेत आणून बघा. टोक काठाच्या बरोबरीत किंवा किंचित वर हवं. हा घडणीचा दोष आहे, घरी दुरुस्त होत नाही.

धार आचके देत येत असेल तर हवा आत जात नाही. झाकण घट्ट बसलं आहे आणि त्याला भोक नाही. झाकणाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक असावं. असेल तर ते मेणाने किंवा मळाने बुजलेलं नाही ना, सुईने पाहा.

ओतून झाल्यावर पाणी मागे वळून तोटीच्या खालून ओघळत असेल तर तोटीचा ओठ जाड आणि गोल आहे. पाणी गोल कडेला चिकटून वळतं, धारदार कडेवरून सुटून पडतं. सावकाश ओतलं की हे जास्त होतं, म्हणून भांडं एकदम कलतं करा आणि एकदम सरळ. धातूचा ओठ बारीक कानशीने खालच्या बाजूने निमुळता करता येतो. मातीच्या तोटीला ओठाखाली तुपाचं बोट लावलं तरी तात्पुरतं काम भागतं.

आणि धार बारीक होत होत बंदच पडली, तर झारीतले शुक्राचार्य! वामनाला बळीने दान देऊ नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि वामनाने दर्भाने त्यांचा डोळा फोडला, ती कथा सगळ्यांना माहीत आहे. इथे शुक्राचार्य म्हणजे बहुतेक वेळा जड पाण्याचे क्षार. दर्भाऐवजी बाटली धुवायचा बारीक ब्रश घ्या. तार घालू नका, ती कल्हई खरवडते आणि मातीची तोटी फोडते.

मातीच्या इब्रीकमध्ये पाणी गार कसं राहतं, आणि नवा इब्रीक कसा तयार करायचा?

कारण आपल्या माठाचंच. चकाकी न दिलेल्या भाजलेल्या मातीतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगावर येतं आणि वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल लागतात. म्हणजे लिटरभर पाण्यातलं वीस ग्रॅम उडालं तर कागदावर उरलेलं पाणी अकरा-बारा अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून उतार कमी पडतो. हवा दमट असली तर वाफच होत नाही. मातीचं भांडं नागपूरच्या मे महिन्यात जसं काम करतं तसं मुंबईच्या जूनमध्ये करणार नाही, यात भांड्याचा दोष नाही.

नवा इब्रीक आणला की आधी बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. मग स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून चोवीस तास ठेवा. पहिले काही तास बुडबुडे येतील, ती भोकांतली हवा. ते पाणी फेका आणि भांडं भरून आणखी दोन-तीन दिवस रोज पाणी बदला. मातीचा वास उतरेल आणि भुकटी निघून जाईल. साबण लावू नका. माती साबण पिते आणि आठवडाभर पाण्याला त्याची चव येत राहते. काथ्याने किंवा मऊ ब्रशने नुसत्या पाण्यात घासणं पुरेसं आहे. ठेवायची जागा सावलीची, वाऱ्याची, खाली ताटली.

काही महिन्यांनी बाहेर पांढरी खपली धरते आणि पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. क्षारांनी भोकं बुजली. एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात दोन-तीन तास भिजवा, घासा, मग दिवसभर साध्या पाण्यात ठेवून पाणी दोनदा बदला. तरीही फरक पडला नाही तर नवा घ्या, मातीचं भांडं जन्मभराचं नसतंच.

सगळ्या अंगाला घाम येणं चांगलं लक्षण. एकाच जागेवरून थेंब पडत असेल तर ती चीर आहे. आणि आतून चकाकी दिलेलं जुनं भांडं असेल तर त्यात लिंबू-सरबत, ताक, व्हिनेगर ठेवू नका. जुन्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात.

लेबनॉन-पॅलेस्टाइनमध्ये लोक इब्रीकला ओठ न लावता पितात. त्याची काही रीत आहे का?

आहे, आणि आपल्याकडे तांब्याने वरून पाणी पिणाऱ्याला ती लगेच साधते. दक्षिण लेबनॉनमधल्या राशाया अल-फुख्खारसारख्या कुंभारगावांत असे इब्रीक घडवतात. गावाच्या नावातच ‘फुख्खार’, म्हणजे भाजलेली माती, आहे. भरायला वर रुंद तोंड आणि प्यायला बारीक छिद्राची तोटी. डोकं थोडं मागे, भांडं आधी तोंडाजवळ, धार सुरू झाली की हात लांब. थांबवताना आधी भांडं जवळ आणायचं, मगच सरळ करायचं. हा क्रम चुकला की शेवटचा घोट शर्टावर. एकच इब्रीक सगळ्यांच्या हातून फिरतो आणि उष्टा होत नाही.

तांब्या-पितळेच्या इब्रीकला कल्हई लागते का?

प्यायचं पाणी किंवा चहा असेल तर लागतेच. पद्धत आपल्याकडचीच : भांडं आतून घासून, तापवून, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने पातळ थर पसरवायचा. शब्दही तिकडचेच आहेत. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील आणि ‘नुशादिर’ म्हणजे नवसागर. अरबांना हे कथील मलाया द्वीपकल्पातल्या ‘कला’ नावाच्या बंदराकडून येई, त्यावरून ते नाव.

इब्रीकची अडचण अशी की बोळा पोटात फिरतो, तोटीत पोचत नाही. हिरवा गंज पहिल्यांदा धरतो तो तोटीच्या मुळाशी, नेमका जिथून पाणी बाहेर येतं तिथे. म्हणून कल्हईवाल्याकडून भांडं घेताना तोटीत विजेरी मारून बघा. कथील २३२ अंशांना वितळतं, तेव्हा कल्हई केलेला इब्रीक रिकामा विस्तवावर ठेवू नका. दोन-चार मिनिटांत आतला थर गोळा होऊन तळाशी मणी जमतात.

नुसता शोभेचा असेल तर कल्हईची गरज नाही, पण मग त्यात पाणीही ठेवू नका.

कॉफीच्या लांब दांड्याच्या भांड्याला इब्रीक म्हणणं चूक आहे का?

अरबांच्या कानाला चूक, ग्रीकांच्या कानाला बरोबर. तुर्कांनी अरबीतून ‘इब्रिक’ घेतला तो तोटीच्या झारीसाठीच, आणि बोस्नियातही तो तोच अर्थ राखून आहे. पण ग्रीक ‘ब्रिकी’ आणि रोमेनियन ‘इब्रिक’ म्हणजे कॉफी उकळायचं लांब दांड्याचं, तोटी नसलेलं भांडं. इंग्रजी बोलणाऱ्या कॉफीवाल्यांनी हाच अर्थ उचलला. तुर्कीत त्या भांड्याला जेझवे म्हणतात (अरबी ‘जज़वा’ म्हणजे निखारा यावरून), इजिप्तमध्ये कनका, सीरिया-लेबनॉनमध्ये रकवा. आखातातली चोचीची, कमरेशी बारीक अशी कॉफीची झारी वेगळी. ती दल्ला. अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर तीच आहे.

आमचं मत स्पष्ट आहे : आजच्या अरबीत तोटी नाही, तर इब्रीक नाही. ‘पाणी ओतणारं’ हा शब्दाचा अर्थच तोटीला चिकटलेला आहे. पण ग्रीसमध्ये जाऊन हे कोणाला सांगू नये.

जेझवेची कृती विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात : साठ-सत्तर मिलिलिटर थंड पाण्याला सात ग्रॅम पिठासारखी बारीक कॉफी, आधीच ढवळायची, मंद आच. फेस वर चढू लागला की उतरवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. उकळली की फेस बसतो आणि कडवटपणा वर येतो.

मोरोक्कोत इब्रीक शब्द का ऐकू येत नाही?

तिथे चहाच्या किटलीला बर्राद म्हणतात. धातू ब-र-द, अर्थ गार होणं. म्हणजे उकळत्या पुदिन्याच्या चहाच्या भांड्याचं नाव ‘गार करणारा’! पाणी गार ठेवणाऱ्या भांड्याचं नाव किटलीला चिकटलं आणि कोणाला त्यात काही खटकलं नाही. इराकमध्येही चहाच्या भांड्याला कूरी म्हणतात, तो शब्द फारसीतही आहे.

अरबीतून हा शब्द आणखी कुठे गेला?

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. स्वाहिलीत ‘बिरिका’ म्हणजे किटली. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तो तिकडे पोचला. मराठीत इब्रीक रुजला नाही, कारण झारी आधीपासून जागा धरून होती. पण त्याच वाटेने त्याची भावंडं आली : तस्त, खुजा, सुरई (अरबी सुराही), आणि सर्वांत गंमतीचा ‘तास’. तास किंवा तासा म्हणजे धातूचं वाटीसारखं भांडं. युरोपात तेच इटालियन तात्सा आणि फ्रेंच तास होऊन कप बनलं. आपल्याकडे वेळ झाली की ठोकायची धातूची थाळी म्हणजे तास, आणि त्यावरून साठ मिनिटांचा तास. ढोलाबरोबरचा ताशाही त्याच घरातला.

‘इब्रीक अज़-ज़ैतची गोष्ट’ म्हणजे काय?

तेलाच्या इब्रीकची गोष्ट. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनकडे मुलांना चिडवायचा खेळ. मोठा माणूस विचारतो, ‘तेलाच्या इब्रीकची गोष्ट सांगू का?’ मूल म्हणतं, ‘हो.’ ‘हो म्हटलंस तरी, नाही म्हटलंस तरी, तेलाच्या इब्रीकची गोष्ट सांगू का?’ मूल गप्प बसलं तरी तेच, रडलं तरी तेच. गोष्ट कधी सुरूच होत नाही. तिकडच्या वर्तमानपत्रांत एखादी बोलणी वर्षानुवर्षं लांबली की मथळ्यात हा वाक्प्रचार येतो. नवख्या वाचकाला वाटतं तेलाच्या भावाबद्दल बातमी आहे.